साडेचार मिलिमीटरची बाहुली

डोळ्यांच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला एक लांबट खोली आहे. दारावर पाटी नाही, कारण तिथे येणारा माणूस विचारत विचारतच येतो. आत एक टेबल, रंगांच्या पन्नासेक चिमुकल्या बाटल्या, पाठीला टेकू असलेली एक खुर्ची आणि उत्तरेकडे मोठी खिडकी. त्या खिडकीशी बसून एक गृहस्थ एकतीस वर्षं लोकांना डोळे करून देत आले. इस्पितळात त्यांना सगळे डोळेमास्तर म्हणतात. 'खोटा डोळा' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. 'बसवलेला डोळा' म्हणायचं. एका नव्या डॉक्टरने सगळ्यांदेखत 'नकली डोळेवाले' म्हटलं, तर मास्तरांनी वर्षभर त्याच्याशी फक्त मान हलवून काम भागवलं.

काम बारीक होतं यात शंका नाही. आधी खोबणीचं माप घ्यायचं, त्यावरून पांढरी वाटी घडवायची, तिच्यावर लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा काढायच्या आणि मग बुबुळ रंगवायचं. बुबुळ म्हणजे करंगळीच्या नखाएवढी चकती. लोक आपले सरसकट म्हणतात, काळे डोळे, तपकिरी डोळे. मास्तर म्हणत, नुसता तपकिरी डोळा मी आजवर बघितलेला नाही. त्यात खालच्या अंगाला मातकट हिरवं असतं, कडेला राखाडी असतं, मध्ये चहाचा रंग असतो, आणि हे सगळं थरावर थर चढवून आणावं लागतं. एका बुबुळाला तीन सकाळी लागत. चार नाहीत आणि दोनही नाहीत.

सकाळीच का, हे त्यांना विचारावं आणि तासभर मोकळा ठेवावा. दहाच्या आधी उजेड निळसर असतो. साडेबारानंतर समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून पिवळी झाक येते. शिवाय दुपारी जेवलेल्या माणसाची पापणी जड होते, आणि त्या वेळी घेतलेलं माप सकाळी लबाडी करतं. रडून आलेल्या माणसाला तर ते खुर्चीत बसूच देत नसत. त्याला खाली पाठवून पाणी प्यायला लावत, कारण रडलेल्या डोळ्याचा पांढरा भाग अर्धा तास पांढरा राहत नाही. एवढा नखरा बघून काही लोक वैतागत. पण डोळा बसला की आरशात बघून गप्प होत, आणि मास्तरांना ती शांतता फार आवडायची.

खरी मेख बाहुलीत होती. जिवंत डोळ्यातली बाहुली उन्हात टिंबाएवढी होते, अंधाऱ्या खोलीत पसरते. रंगवलेली बाहुली एकदा काढली की काढली. ती जन्मभर तेवढीच. दोन डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या दिसणार त्या दिवसातल्या ठरावीक वेळी, ठरावीक उजेडात. म्हणून मास्तर प्रत्येकाला एक प्रश्न विचारत आणि उत्तर वहीत लिहीत: तुम्हाला सगळ्यात जास्त कोण बघतं, कुठे, आणि किती वाजता? बसचा ड्रायव्हर म्हणायचा, रस्त्यावर, भर उन्हात. त्याला अडीच मिलिमीटर. तळघरातल्या छापखान्यातला, खिळे जुळवणारा जुळारी म्हणायचा, दिव्याखाली. त्याला चार. एक म्हातारी बाई म्हणाली, "मला आता कोण बघतंय हो?" मास्तर तीन दिवस विचारात पडले. मग तिला पुन्हा बोलावून विचारलं, "तुम्ही केस कधी विंचरता?" ती म्हणाली, सकाळी सातला, मोरीतल्या आरशात. तिचा डोळा त्या आरशासाठी केला.

असा हा माणूस. स्वतःच्या मुलीचा डोळा करायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने एकतीस वर्षांची अक्कल गुंडाळून ठेवली.

मुलगी चौतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलींनी नाव ठेवलं शिट्टीबाई, आणि ते तिला शोभायचंही. लग्न केलं नव्हतं, आईवडिलांजवळ राहत होती. सकाळी सातला घराबाहेर पडायची ती उन्हाने रापून परत यायची. पाच महिन्यांपूर्वी सरावात एक कडक चेंडू उसळून तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. चूक कुणाचीच नव्हती. चेंडू मारणारी मुलगी आठवडाभर जेवली नाही म्हणतात.

तिला मास्तरांच्याच इस्पितळात आणलं, त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली. शिपाई वर धावत सांगायला आला तेव्हा मास्तर कुणाच्या तरी बुबुळाचा शेवटचा थर चढवत होते. थर वाळला असता तर तीन दिवसांचं काम फुकट गेलं असतं. त्यांनी तो पुरा केला आणि मग खाली गेले. सात मिनिटं लागली. सात मिनिटांनी मुलीच्या डोळ्यात काही फरक पडणार नव्हता, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण ते खाली पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं, आणि दोन्ही डोळ्यांची मुलगी त्यांना पुन्हा दिसली नाही. त्यांच्या बायकोने यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

जखम भरली. सुट्टी संपत आली. शाळेच्या मोठ्या बाई घरी येऊन बसल्या, चहा घेतला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हे बघा, एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. मुली लहान आहेत, पालक विचारतात. आमच्या ग्रंथालयात जागा आहे. बसून काम, सावलीतलं काम."

"मला मैदान हवंय," मुलगी म्हणाली.

"मग पहिला आठवडा बघू. शुक्रवारी मी येऊन तुमचा तास बघेन आणि मग ठरवू."

मोठ्या बाई गेल्यावर मास्तर म्हणाले, "बाई तशा समंजस वाटतात." मुलगी कप उचलून आत गेली.

आता डोळा करायचा होता. मास्तरांनी बायकोला सांगितलं, "पोरीला माझ्या खोलीत नको आणायला. सगळी ओळखीची माणसं, उगाच येऊन बघत राहतील. तिला अवघड होईल. मी घरीच करतो." खोबणीचं माप त्यांनी खालच्या डॉक्टरांकडून घेतलं. रंग, कुंचले, भिंग पिशवीत घालून घरी आणलं आणि तीन संध्याकाळी, सातच्या सुमाराला, जेवणाच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली काम केलं. मुलगी डाव्या डोळ्यावर पट्टी ठेवूनच बसायची. मास्तर फक्त उजव्या डोळ्याकडे बघायचे. कुणी दुसऱ्या कारागिराने असं केलं असतं तर त्यांनी त्याला जिन्यावरून खाली हाकललं असतं.

त्या उजेडात तिच्या उजव्या बाहुलीचं माप भरलं साडेचार मिलिमीटर. त्यांच्या हाताला माहीत होतं की हे मोठं आहे. एरवी त्यांनी दीड-दोन मिलिमीटर सहज कमी केले असते. या वेळी तसंच ठेवलं.

रविवारी डोळा बसवला तेव्हा तिच्या आईने पदर तोंडाशी धरला. टेबलाशी, दिव्याखाली, दोन डोळे अगदी जुळे वाटत होते. मुलीने आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि खूप दिवसांनी वडिलांच्या खांद्यावर थाप मारली. मास्तरांना त्या रात्री गाढ झोप लागली.

सोमवारी ती मैदानावर गेली. अकराचं ऊन होतं, चौथीच्या मुली रांगेत. तिने शिट्टी वाजवली, मुलींनी हात पसरून अंतर घेतलं. सगळं नेहमीसारखं. ती रांगेतून चालत एकेकीचे खांदे सरळ करत होती, तेव्हा एक मुलगी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"काय गं?"

"बाई, तुम्ही घाबरलाय का?"

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला जे दिसलं ते तिने विचारलं. उन्हाने उजवी बाहुली मोहरीएवढी झाली होती आणि डावी तशीच काळीभोर, ताणलेली, अंधारात आवाज ऐकून दचकलेल्या माणसासारखी. मग शेजारच्या मुलीने बघितलं, मग मागच्या रांगेने. कुणी हसलं नाही. त्या हसल्या असत्या तर शिट्टीबाईंना त्यांना कसं आवरायचं ते चांगलं ठाऊक होतं. मुली नुसत्या बघत राहिल्या, आणि तास कसाबसा संपला. मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत थांबायलाच हवं असं काही नाही हं. मुली बिचकल्यासारख्या वाटल्या मला."

अडीच वाजता मास्तर डबा धुऊन खुर्चीत जरा टेकले होते, तेवढ्यात दार उघडलं आणि मुलगी आत आली. पाच महिन्यांत ती या खोलीत पहिल्यांदा पाऊल ठेवत होती.

"अगं, तू इथे? शाळा?"

"बाहेर चला," ती म्हणाली. "गच्चीत."

"आत्ता? आत्ता उजेड बरा नाही. उद्या सकाळी..."

"आत्ताच चला, बाबा."

गच्चीत रखरखीत ऊन होतं. ती उन्हाकडे तोंड करून उभी राहिली. मास्तरांना बघायला एक क्षण पुरला. एकतीस वर्षांत असा डोळा त्यांच्या हातून बाहेर गेला नव्हता. शिकाऊ असतानाही नाही.

"दुरुस्त करता येईल," ते घाईघाईने म्हणाले. "घरी ट्यूबलाइट होती ना, त्यामुळे बाहुली मोठी आली. उन्हाचं माझ्या ध्यानात..."

"तुमच्या ध्यानात नाही आलं?"

मास्तर कठड्याच्या सावलीकडे सरकले.

"वहीत तुम्ही सगळ्यांना विचारून लिहिता. कोण बघतं, कुठे बघतं. लहानपणी मी तुमची ती वही गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायचे. मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? घरातलीच तू. शिवाय इथे सगळ्यांसमोर बसायला तुला नको होतं, म्हणून घाईत..."

"मी कधी म्हटलं नको होतं?"

मास्तरांनी आठवून बघितलं. तिने म्हटलं नव्हतं. त्यांनीच बायकोला सांगितलं होतं आणि मग स्वतःच त्यावर विश्वास ठेवला होता. माणूस अडचणीत सापडला की भलतंच बोलून बसतो, तसं ते बोलले, "आणि ग्रंथालयात तरी काय वाईट आहे? चार भिंतींत, सावलीत. पुन्हा काही लागायची भीती नाही."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे डोळा तुम्ही ग्रंथालयासाठी केलात."

"नाही गं. असं ठरवून नाही केलं."

हे खरं होतं. ठरवून त्यांनी काहीच केलं नव्हतं. हात बाहुली लहान करायला गेला आणि त्यांनी त्याला थांबवलं, एवढंच. पण हे 'एवढंच' त्यांनी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात खपवून घेतलं नसतं, आणि हे त्या उन्हात दोघांनाही कळत होतं.

तिने खोलीत येऊन, त्यांच्याकडे पाठ करून डोळा काढला, टेबलावरच्या कागदावर ठेवला आणि खिशातली पट्टी बांधली. "उद्या दहाला येते," ती म्हणाली. "पेशंट म्हणून."

संध्याकाळी मुलगी तिच्या खोलीत होती. मास्तर आणि त्यांची बायको दोघंच जेवायला बसले. मास्तर म्हणाले, "फार लागलं तिला माझं."

बायकोने भाताचं भांडं पुढे सरकवलं. "अहो, एक विचारू? पूर्वी तुम्ही या बाजूच्या खुर्चीवर बसायचात. तिच्या डाव्या हाताला. दवाखान्यातून ती घरी आली त्या दिवसापासून तुम्ही तिकडे बसता."

"तिकडे पंख्याचा वारा चांगला येतो."

"वारा," बायको म्हणाली, आणि आमटी वाढायला लागली. एवढी वर्षं लोकांच्या रिकाम्या खोबणीत भिंगाने डोकावून बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीकडे डावीकडून बघवत नव्हतं, आणि ही गोष्ट घरात त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होती. त्यांना लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

मंगळवारी बरोबर दहाला ती आली. शाळेतून रजा घेतली होती. खाली नोंदणी करून, हातात चिठ्ठी घेऊन, रांगेत दोन माणसांच्या मागे थांबून आली. चिठ्ठी तिने टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. मास्तरांनी वही उघडली. हिशेब दोघांनाही ठाऊक होता. आज, उद्या आणि परवा, अशा तीन सकाळी. गुरुवारी बारापर्यंत डोळा तयार. शुक्रवारी मोठ्या बाई मैदानावर येणार. एकही सकाळ जास्तीची नव्हती.

"तुम्हाला," मास्तरांनी सवयीने सुरुवात केली. "तुला सगळ्यात जास्त कोण बघतं?"

"सव्वाशे मुली."

"कुठे?"

"मैदानावर. अकरा ते एक."

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग त्यांनी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला, भिंग घेतलं आणि उजव्या बाहुलीचं माप घेतलं. आता डावी बाजू. शिरा कुठून फुटतात, पापणी कुठे टेकते, आतली कातडी कुठल्या रंगाची आहे, हे सगळं बघावं लागणार होतं. घरी त्यांनी ते अंदाजाने भागवलं होतं.

"पट्टी काढ," ते म्हणाले.

तिने पट्टी काढून मांडीवर ठेवली आणि मान खिडकीकडे वळवली. सव्वादहाचा उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला. खालची पापणी जरा आत ओढली गेली होती. नाकाच्या बाजूला टाक्यांची पांढरी रेघ होती. त्यात भयंकर असं काही नव्हतं. याहून वाईट त्यांनी शेकडो वेळा बघितलं होतं आणि त्याच दिवशी पोटभर जेवले होते. कानाशेजारी तिचे चार केस पांढरे झाले होते, तेही त्यांना आत्ताच दिसले. भिंग डोळ्याशी नेलं आणि त्यांना काही म्हणजे काही दिसेना. सगळं पाण्यात गेलं होतं.

ते भिंग खाली ठेवून रुमाल शोधू लागले. सापडला नाही. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, पुन्हा भिंग उचललं, पुन्हा तेच.

"मला तुझ्याकडे बघवत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून घरी केलं. तुझं नाव पुढे केलं मी."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आज बघाल, उद्या बघाल, म्हणून थांबले." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मैदानावर पोरींना सूचना देतानाचा. "ट्यूबलाइटखाली बसायचे ना आपण, तेव्हा रोज वाटायचं, आज पट्टी काढ म्हणतील. तुम्ही डोळा हातात देऊन म्हणालात, जा, आत जाऊन बसव."

खाली शिपायाने कुणाला तरी नंबर पुकारून बोलावलं. साडेदहा वाजून गेले होते आणि पहिला थर अजून मिसळलाही नव्हता. त्यांनी एक बाटली उचलली. तिच्यावरचा रंगाचा आकडाही वाचता येईना.

"आज माझ्याकडून होणार नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि आज सुरू नाही केलं तर शुक्रवारी डोळा नसेल. तूच सांग, काय करू? मेडिकल कॉलेजात एक बाई आहेत, चांगलं काम करतात. मी फोन करतो. त्या आज दुपारी..."

"दुपारी उजेड वाईट असतो."

"पण शुक्रवार?"

"शुक्रवारी मी पट्टी बांधून जाईन," मुलगी म्हणाली. "पट्टीला बघून मुली विचारतील तरी, काय झालं म्हणून. मी सांगेन. मोठ्या बाईंना काय ठरवायचं ते ठरवू दे."

"मैदान गेलं तर?"

तिलाही भीती वाटत होती, आणि आता ती भीती चेहऱ्यावर जशी होती तशी दिसत होती. "गेलं तर गेलं. मग भांडेन," ती म्हणाली. "डोळा उद्यापासून करा. आज नुसतं बघा."

मास्तरांनी बाटली जागेवर ठेवली. स्टूल ओढून ते तिच्या डाव्या बाजूला बसले, आणि भिंग न घेता, कुठलंही माप न घेता, साडेबारापर्यंत तिच्याकडे बघत राहिले.